प्लायवूडच्या देवापुढे हौसाकाकी

आमच्या वाडीतल्या हौसाकाकीला सिनेमात घेतलं, तेव्हा मला मुळीच आश्चर्य वाटलं नाही. बाई वर्षभर अभिनयच करत होती, फक्त समोर कॅमेरा नव्हता.

अजय तिचा मुलगा आणि कौस्तुभ दिराचा. दीर-जाऊ लवकर गेले, म्हणून दोघांना तिनेच वाढवलं. ‘माका दोनय झील सारखेच,’ हे ती मासळी विकताना गिऱ्हाइकांनाही ऐकवायची. मग गेल्या मे महिन्यात अजय टेम्पोत गोव्याची दारू भरून निघाला. हद्दीवरच्या नाक्यावर थांबला तर नाहीच, वर एका पोलिसाचा पाय चिरडून पळाला. टेम्पो होता कौस्तुभच्या नावावर, म्हणून पोलिसांनी त्यालाच उचललं. आणि काकीने जबाब दिला, अजय दिवसभर तापाने घरात पडून होता.

टेम्पो बाहेर काढणाऱ्या अजयला अर्ध्या वाडीने पाहिलं होतं. मीही पाहिलं होतं. पोलीस विचारायला आले, तेव्हा सगळ्यांची दातखीळ बसली. कौस्तुभ अजून तुरुंगात आहे, आणि त्याची बायको स्वप्ना दर तारखेला एकटीच कोर्टात जाते.

आणि त्या मुंबईच्या दीडशहाण्यांचा सिनेमा कसला? एक भाऊ पोलीस, दुसरा स्मगलर, मधे आई. जणू ही गोष्ट जगात पहिल्यांदा त्यांनाच सुचली! किनाऱ्यावर प्लायवूडचं देऊळ उभं केलं. त्यात आई झालेल्या काकीने नारळ ठेवून स्मगलर मुलासाठी देवापुढे स्वतः गाऱ्हाणं घालायचं. आमच्याकडे गाऱ्हाणं मानकरी घालतात, पण दिग्दर्शकाला सांगणार कोण? आम्हाला गर्दी म्हणून उभं केलं. काकीचं वाक्य संपलं की सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, म्हणजे गावाची साक्ष झाली.

काकीने डोक्यावर पदर घेतला, नारळावर हात ठेवला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “बा देवा म्हाराजा, माझो झील त्या दिसा घरातच होतो!” डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं मेलीने.

कोणीच काही बोललं नाही.

पुढच्याच रांगेत स्वप्ना उभी होती. दिग्दर्शक ओरडला. पुन्हा घेतलं, पुन्हा घेतलं. काकी पाच वेळा रडली आणि आम्ही पाचही वेळा गप्प. देव प्लायवूडचा असला तरी गाऱ्हाणं ते गाऱ्हाणं, त्यावर खोटं ‘व्हय’ म्हणायची कोणाची छाती होईना. शेवटी दिग्दर्शक वैतागला, “जाऊ दे, आवाज मुंबईत भरू.”

काकीने नाक मुरडलं. “माका काय त्याचा? माझा काम मी चोख केलंय.”

कॉस्मेच्या हॉटेलात चहा पिताना जो तो फुशारकी मारत होता, काकीची कशी जिरवली. सगळ्यात मोठा आवाज माझा.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वप्ना माझ्या अंगणात आली. “भाईकाका, काल गप रवलात, बरा केलात. बुधवारी तारीख आसा. थंय येऊन खरा सांगशात?”

मी पडवीत चांगला धडधाकट बसलो होतो. “येतलंय असतंय गो,” मी म्हणालो, “पण गुडघो मरणाचो दुखता. उभ्यान रवाक जमणा नाय.”

ती तशीच वळली. शेजारच्या घरी गेली, मग त्याच्या पुढच्या.

बुधवारी सिनेमावाल्यांना परत गर्दी हवी होती. अख्खी वाडी गेली. मी दिवसभर उन्हात उभा होतो.