लेकीची निवडणूक आणि चौकातला बॅनर

माझी मुलगी इंग्लंडमधल्या एका लहान गावातून तिथल्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलसाठी उभी राहिली, आणि प्रचाराची सूत्रं नवीन पनवेलमध्ये बसून ह्यांनी हातात घेतली. ह्यांची सगळी नोकरी नगरपालिकेत गेली. निवडणूक म्हणजे घरचं कार्य, असं त्यांना वाटे.

"सभा किती झाल्या?" ह्यांनी व्हिडिओ कॉलवर विचारलं.

"सभा नसतात, बाबा. घरोघरी जायचं, दाराच्या फटीतून पत्रक आत सरकवायचं आणि कुत्र्यापासून बोटं वाचवायची."

"मग रस्त्यांचं आश्वासन दे."

"रस्ते वरच्या कौंटी कौन्सिलकडे. आमच्याकडे कचऱ्याचे डबे आणि बांधकामाच्या परवानग्या."

हे हळहळले. खड्ड्यांशिवाय निवडणूक लढवायची कशावर, हे त्यांना कळेना.

खालच्या मजल्यावरचे भाऊ रोज चहाला येत. ते इथल्याच गावातले, एकेकाळचे सरपंच. त्यांनी चौकशी केली, "जेवान नाय? मिरवनूक नाय? मंग लोकान्ला कलनार कसा, इलेक्शन हाय म्हनून?"

मोजणीच्या दिवशी संध्याकाळी आम्ही तिघं फोनसमोर बसलो. तिकडे दुपार होती. मुलीचा आवाज बारीक झाला होता. तिला आणि तिच्याविरुद्ध उभ्या असलेल्या एका आजोबांना अगदी सारखी मतं पडली होती. ते आजोबा तिथले जुने सदस्य. दोनदा फेरमोजणी झाली तरी तेच.

"आता चिठ्ठी काढणार आहेत," ती म्हणाली.

हे ताठ बसले. "चिठ्ठ्यांच्या घड्या सारख्या आहेत का बघ. अधिकाऱ्याला सांग, डबा उलटा करून दाखवा."

तिने खरंच सांगितलं. अधिकाऱ्याने गंभीरपणे डबा उलटा करून दाखवला, चिठ्ठ्या उलगडून दाखवल्या, पुन्हा घड्या करून आत टाकल्या आणि एक उचलली. मुलीचं नाव निघालं. हरलेल्या आजोबांनी हात मिळवला आणि म्हणाले, "कुंपणांच्या तक्रारी आजपासून तुमच्याकडे. मी वीस वर्षांनी नीट झोपणार." मुलगी हसता हसता रडली. मीही डोळे पुसले. हे मात्र म्हणाले, "घड्या सारख्या होत्या ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात बॅनर लागला होता. 'साता समुद्रापलीकडच्या नगरसेविकेचे हार्दिक अभिनंदन!' मुलीचा फोटो लग्नातला, मुंडावळ्यांसकट. त्याच्या दुप्पट भाऊंचा, गॉगल लावलेला.

ह्यांचा चेहरा पडला. विनापरवाना बॅनर उतरवणं हेच ह्यांचं शेवटच्या काही वर्षांतलं काम होतं. आता स्वतःच्या लेकीचा बॅनर कसा उतरवायचा? बराच वेळ खाली उभे राहून ते वर बघत होते. मग तडक जुन्या ऑफिसात गेले, अर्ज भरला आणि तीन दिवसांची परवानगी घेऊन आले. चौथ्या दिवशी सकाळी स्वतः शिडीवर चढले. शिडी भाऊंनी धरली होती, पण तोंड फुगवून.

"आजून दोन दिस रायला असता तर काय बिगरला असता?" ते म्हणाले.

"मुदत संपली," हे वरून म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात मुलीचा फोन आला. एकाच्या कुंपणाची झुडपं दुसऱ्याच्या अंगणात वाढली होती आणि दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

"दोघांना चहाला बोलाव," ह्यांनी सल्ला दिला.

तिने बोलावलं. दोघं आले, केक खाल्ला, समेट झाला. आणि दोघांनी मिळून कचऱ्याच्या डब्यांबद्दल तिच्याविरुद्ध तक्रार केली.