वैनगंगेनं नेलेलं गिरजाघर

वडशाच्या खालच्या अंगाला वैनगंगा जिथं वळण घेते, तिथं बेलटोला नावाचं गाव होतं. गावाच्या टोकाला, अगदी दरडीवर, ख्रिस्ती मंडळीचं गिरजाघर. पांढऱ्या भिंती, छपरावर लाल कवेलू आणि आत काळ्या दगडाची गार फरशी. धुक्याच्या सकाळी मासे धरून डोंग्यातून परतणाऱ्या ढिवरांना आधी गिरजाघर दिसायचं, मग त्याच्यामागून गाव हळूहळू उगवल्यासारखं वर यायचं.

सोमारी त्या गिरजाघराहून थोडीशीच मोठी. मानमोडीच्या तापाच्या साथीत तिचे आईबाप गेले, तेव्हा मिशनच्या दवाखान्यातल्या बाईनं तिला बेलटोल्याच्या ख्रिस्ती मंडळीत आणून सोडलं. गिरजाघराच्या भिंती त्या वेळी कमरेएवढ्या आल्या होत्या. बायका नदीतून टोपल्यांनी रेती आणायच्या. त्यांच्यामागे ही पोर दोन्ही ओंजळी भरून चालायची आणि पोचेपर्यंत अर्धी रेती बोटांतून सांडायची. कुणी हसलं की म्हणायची, "माह्यी रेती कोपऱ्यात टाका, मले ओळखू आली पाह्यजे."

तिथंच ती वाढली. तिथंच लच्छू सुताराशी तिचं लग्न लागलं, आणि आढ्याचं सागवान ज्यानं रंधलं त्या लच्छूची शवपेटीही तिथूनच निघाली. मुलगा इस्तारी वडशाला भाताच्या गिरणीत कामाला, घरात सून कमळा. सोमारीचं काम म्हणजे गिरजाघर झाडणं, नाताळाआधी छुईच्या पांढऱ्या मातीनं भिंती पोतणं, आणि रविवारी गीत उचलणं. गळा जाडाभरडा होता, पण तिनं पहिली ओळ धरली की मंडळी पाण्यात उतरावी तशी तिच्यामागून उतरायची.

नदी सरकत होती हे सगळ्यांना दिसत होतं. आधी अंगणातली चिंच गेली, मग कुंपण. स्वातंत्र्याला सातआठ वर्षं झाली असतील, त्या श्रावणात पूर आला आणि पायऱ्यांखालची माती सुटायला लागली. बापूजी पाळकांनी बाकं, दारं, पवित्र शास्त्र, लाकडी क्रूस, सगळं भरपावसात बाहेर काढवलं. "आता कोणी आत जाऊ नका," ते ओरडून म्हणाले.

सोमारी मात्र आत गेली. काही आणायचं नव्हतं. रिकाम्या गिरजाघरात ती फरशीवर मांडी घालून बसली. खाली नदी इतकी जवळ घुमत होती की भिंतीच गुणगुणताहेत असं वाटावं. डोमा ढिवर धावत आला आणि त्यानं तिचा दंड धरला.

"सोमारीबाई, मरतं का इथी? ऊठ!"

"थांब ना जरासा," ती म्हणाली. त्यानं ऐकलं नाही, ओढतच बाहेर नेलं.

सगळ्यांना वाटलं होतं, मोठा आवाज होईल. झाला नाही. थकलेली गाय पाय दुमडून बसते तसं गिरजाघर नदीकडे बसत गेलं. कवेलू पारव्यांच्या थव्यासारखे उडाले आणि पाण्यात उतरले. एक पांढरी भिंत क्षणभर उभी राहिली, तिच्या खिडकीतून पलीकडचा पूर दिसला, आणि मग खिडकीही पूर झाली. मंडळी पावसात उभी होती. कुणी रडलं नाही. रडायचं कुणाकडे तोंड करून, तेच कळत नव्हतं.

पुढे उपासना पाळकांच्या ओसरीवर भरू लागली. बापूजी पाळक भला माणूस, दर रविवारी सांगायचे, "मंडळी म्हणजेच मंदिर. भिंतींचं दुःख करू नये." लोक माना हलवायचे. पण गीत वर चढायचं नाही, ओसरीच्या कुडातून वाऱ्यावर निघून जायचं. सोमारी तर येईनाच. ती दरडीवर जाऊन बसायची.

तिला स्वप्न पडायचं, पुन्हा पुन्हा तेच. नदीच्या तळाशी गिरजाघर सगळंच्या सगळं उभं आहे. हिरवा उजेड खिडक्यांतून आत येतोय. मासे बाकांमधून सावकाश फिरताहेत, जणू आपापली जागा शोधताहेत. मागच्या बाकावर लच्छू बसलाय, ओले केस कपाळावर, आणि म्हणतोय, "सोमारे, गीत उचल ना. सगळे थांबून राह्यले." ती तोंड उघडते, तर तोंडातून रेती येते.

कमळाला दिवस गेले होते. सासू जेवत नाही हे बघून ती धास्तावली. एका रविवारी तिनं सोमारीचा हात धरून तिला ओसरीवर नेलंच. पाळक बोलत होते, "मंडळी म्हणजेच..."

"हो जी पाळकजी," सोमारी मधेच म्हणाली. "मंडळी म्हणजेच मंदिर. मले समजते. पण आमाले रडू तर द्या."

मग सोमारीनं स्वप्न सांगितलं. मासे सांगितले, लच्छू सांगितला. ताराबाई म्हातारी पदर तोंडाशी घेत म्हणाली, "मले बी दिसते व. माह्या स्वप्नात तर खिडक्यायले पडदे हायेत." मागून कुणी म्हणालं, आपण लहानपणी तिसऱ्या बाकाखाली आपलं नाव कोरलं होतं. कुणाला उन्हाची ती तिरीप आठवली, जी उपदेश लांबला की नेमकी पाळकांच्या डोळ्यांवर यायची. बघता बघता सगळी ओसरी बोलत होती, आणि बोलता बोलता रडत होती. बापूजी पाळकांनी शास्त्र मिटलं. मग त्यांनी चष्मा काढला.

"मी पण जातो दरडीवर," ते म्हणाले. "तुम्ही बघू नये म्हणून दुपारी जातो."

त्या दिवशी उपदेश झाला नाही. पण गीत झालं, आणि सोमारीनं उचललं.

हिवाळ्यात कमळाला मुलगी झाली. बाप्तिस्मा कुठं करायचा यावर घरात बोलणं निघालं. इस्तारी म्हणाला, वडशाला नेऊ. फाल्गुनात नदी आटली, पाणी काचेसारखं झालं, आणि एक दिवस डोमा ओलं जाळं खांद्यावर घेऊन दारात आला.

"सोमारीबाई, तुमच्या गिरजाची फरशी दिसून राह्यली."

"कुठी?"

"चाल, दाखवतो."

दरडीखाली, गुडघाभर पाण्यात, ती होती. कोसळताना चौथऱ्याचा एक मोठा तुकडा अखंड खाली घसरला होता, आणि आता नदीच्या तळावर जरासा तिरपा पडून होता. काळे दगड एकाला एक लागून. शेवाळ धरलं होतं. लहान मासे दगडांच्या फटींशी तोंड लावून होते. सोमारीनं लुगडं खोचलं आणि पाण्यात उतरली. पायाला फरशी लागली, तशीच गार. ती कितीतरी वेळ हलली नाही. हे स्वप्न आहे की जाग, हे तिनं स्वतःला विचारलंही नाही.

"पाळकजी," ती संध्याकाळी म्हणाली, "पोरीचा बाप्तिस्मा तिथी करा."

"बाई, पाण्यात?"

"बाप्तिस्मा कायचा असते मग?"

बापूजी पाळक पहिल्यांदा मोकळे हसले.

रविवारी सकाळी सगळी मंडळी नदीत उतरली. फरशी निसरडी, म्हणून डोमाच्या घरचे ढिवर डोंगे आडवे लावून उभे राहिले आणि म्हाताऱ्यांना हात देत राहिले. ताराबाई डोंग्यातच बसून राहिली, पाय मात्र पाण्यात सोडून. ऊन पाण्यातून खाली जाऊन पुन्हा वर येत होतं, सगळ्यांच्या चेहऱ्यांवर हलत होतं. पाळकांनी वाकून ओंजळ भरली. मुलीचं नाव ठेवलं सुगंधा. डोक्यावर पाणी पडलं तशी ती कुणाला तरी ओळखल्यासारखी इकडेतिकडे बघू लागली, रडली नाही. सोमारीनं गीत उचललं. नदीवर कुड नव्हता, छप्पर नव्हतं, तरी ते कुठं निघून गेलं नाही. पाण्यावर बसून राहिलं.

पुढच्या पुरात ती फरशीही गेली. नंतरच्या उन्हाळ्यात डोमानं खूप शोधली, सापडली नाही. पण तोवर मंडळीनं गावामागच्या टेकाडावर कुडामातीचं नवं गिरजाघर घातलं होतं. सोमारीनं जमीन सारवली, भिंती पोतल्या, आणि कुरकुरली की खिडक्या नदीकडे नाहीत, जंगलाकडे आहेत. स्वप्न मात्र पडेनासं झालं. त्याचं तिला वाईट वाटलं. लच्छूला बघायची तेवढीच एक जागा होती.

नव्या गिरजाघरात पहिलं लग्न लागायचं होतं, त्या सकाळी ती नवं लुगडं नेसून वेळेवर निघाली, आणि विचारांच्या नादात सरळ दरडीवर जाऊन उभी राहिली. समोर नुसतं पाणी. पलीकडे एक डोंगा धुक्यात चालला होता. सोमारी जरा वेळ बघत राहिली, मग एकटीच हसली.

"पाय बी कसे येडे असते," ती म्हणाली, आणि वळून टेकाड चढू लागली. वर नवरानवरी, पाळक, सगळी मंडळी उभी होती. गीत अजून कुणी उचललं नव्हतं.