सुपाचा वारा

परवा लेकाने सारखा बंद पडणारा कॉम्प्युटर उघडला आणि तापलेल्या धुळीचा वास आला. मी उठून अंगणात गेले.

नव्याण्णव साल. सांगलीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. सोमवारी प्रोजेक्ट द्यायचा होता आणि आबांनी, माझ्या वडिलांनी, हौसेने घेतलेला गावच्या घरातला कॉम्प्युटर दहा मिनिटांत तापून बंद पडत होता. उघडून बघितलं, तर प्रोसेसरवरचा पंखा फिरतच नव्हता. रविवारी नवा कुठे मिळणार?

आबा रानातून आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "खळ्यावर वारा पडल्यावर काय करतो गं आपण? सूप आण."

दुपारभर ते त्या उघड्या डब्याला सुपाने वारा घालत बसले. कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही.

मधेच म्हणाले, "डावा हात लय भरून आलाय गं."

"आबा, थांबू नका, बंद पडंल," मी स्क्रीनवरून नजरही न हटवता म्हणाले.

शेवटचं पान होईपर्यंत वारा लागत होता. संध्याकाळी मिरजेच्या दवाखान्यात पोचायच्या आधीच आबा गेले.

सूप त्यांच्या उजव्या हातात होतं. मग डावा का भरून आला, एवढंसुद्धा मी विचारलं नाही.