दारात काढलेल्या चपला

"अब्बा गेले, काका. पहाटं गेले." रशीदभाईंच्या मुलीचा, शबानाचा, फोन आला तेव्हा मी चहा गाळत होतो. मी पत्ता विचारला. "नकाशा हाय की तुमच्यापाशी… अब्बांनी धाडलेला." होता. दीड वर्षापासून टेबलाच्या खणात पडून होता.

रशीदभाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते मांजरसुंब्याच्या एका ढाब्यावर, शिडीवर चढलेले. ते पाट्या रंगवत. ढाब्याच्या भिंतीवर त्यांनी कुठला रस्ता कुठं जातो ते चित्रांत रंगवलं होतं, आणि ट्रकवाले जेवण झालं की ओल्या बोटानं त्यावर वाट धरत. मी तेव्हा एका प्रकाशकासाठी पर्यटनाची पुस्तकं लिहीत होतो. मजकूर माझा आणि नकाशे त्यांचे, अशी जोडी जमली ती पंधरा वर्षं टिकली. ते गावोगाव पायी हिंडायचे, मी कुरकुरत मागून. चहावाल्याला, फळवाल्याला त्यांचा एकच सवाल असे, "इथं यायचं तर लोकायला काय सांगता?" जे नाव जास्त वेळा ऐकू येई ते कागदावर मोठं होई. त्यामुळे कचेरी बोटभर आणि तिच्यासमोरची चिंच वीतभर. मी हरकत घेतली की म्हणायचे, "सर, कचेरी इचारत कोन येतंय?"

त्यांचा एक हट्ट होता. येणारा माणूस जिकडून गावात शिरतो ती बाजू कागदावर खाली, आणि तिथं तळाशी एक चपलांचा जोड, बोटं गावाकडे. वाचणाऱ्यानं त्यात पाय घालायचे आणि निघायचं. बीडच्या नकाशात नेमकं हेच नडलं. वाचक गेवराईकडून येणार, म्हणून त्यांनी उत्तर दिशा खाली घेतली. प्रकाशकाला ती वरच हवी होती. कागद उलटा धरावा तर मिनार आणि देवळं डोक्यावर उभी, आणि नव्यानं काढायचं तर रशीदभाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू. मी दमलो होतो, पुस्तक अडकलं होतं… त्यांना न विचारता मी तो कागद संगणकावर काम करणाऱ्या एका चित्रकाराला दिला. त्यानं सगळं फिरवून घेतलं, चपला गाळल्या. छापलं गेलं तेही त्याचंच नाव.

छापील प्रत घेऊन रशीदभाई घरी आले. आवाज चढवला नाही, त्याचाच मला जास्त त्रास झाला. "शहर तेच हाय, सर. पन मानसानं उभं कुठं ऱ्हायचं ह्यात?" मी प्रकाशकाच्या अडचणी सांगत बसलो. त्यांनी चहा घेतला नाही.

काही महिन्यांनी लिफाफा आला. ते बीडमध्येच, बिंदुसरा नदीपलीकडे, शबानाकडे राहायला गेले होते, आणि माझ्या घरापासून तिथवरची वाट त्यांनी काढून पाठवली होती. मागे लिहिलं होतं, 'चालत वीस मिनिटं.' जाऊ, जाऊ म्हणत राहिलो. आधी पाऊस आडवा आला, मग माझा गुडघा. खरं म्हणजे मला शरम वाटत होती.

त्या सकाळी तो कागद हातात धरून निघालो. रेषा थरथरत्या, पण पंक्चरचं दुकान, नळ, निळं फाटक, सगळं जिथल्या तिथं. कुणाला विचारावं लागलं नाही. वीस मिनिटंच लागली. शबाना म्हणाली, "दिसत न्हवतं त्यायला. गल्लीत पाय वाजले की इचारायचे, सर हायेत का बघ."

महिना झाला. नकाशा आता टेबलावर काचेखाली ठेवला आहे. वर त्यांचं घर, दार उघडं काढलेलं. खाली माझं दार, फुटक्या पायरीसकट. आणि त्या पायरीवर चपला, बोटं त्यांच्या घराकडे… मी जाऊन आलो. त्या अजून माझ्याच दारात आहेत.