सुहासबाबांनी सुधारलेला प्रोग्राम

परवा धारगळला सुहासबाबांकडे गेले, तेव्हा अंगणात पिकल्या काजूबोंडांचा वास दरवळत होता. डिचोलीच्या खाण कंपनीतही तो खिडकीतून असाच आत यायचा. तिथे ते माझे साहेब, मी नवी. ट्रकांची वजने जुळवणारा माझा पर्ल या संगणकभाषेतला प्रोग्राम पानेच्या पाने लांबला होता.

“प्रोग्राम चलता, बाब,” मी म्हटले.

“चलता गो, पण वाचूक येणा नाय. उद्या दुसरो कोणी वाचतलो, तेचो इचार कर.”

खुर्ची ओढून ते शेजारी बसले. लूपमधली लूप काढून त्यांनी ‘ग्रेप’ आणि ‘मॅप’ हे पर्लचे एकेका ओळीत काम उरकणारे आदेश घातले. ‘एक्स’, ‘वाय’च्या जागी ‘ट्रक’, ‘वजन’ अशी नावे दिली. सगळे एका पडद्यावर मावले. मला वाटले, आता हे वर्षानुवर्षे चालेल.

पुढे खाण बंद पडली. संगणक भंगारात गेले. तो दुसरा कोणी कधी आलाच नाही.

परवा मी त्या प्रोग्रामचा जपून ठेवलेला कागद त्यांच्या हातात दिला. अर्धांगवायूनंतर त्यांना अक्षरे लागत नाहीत. बराच वेळ त्यांनी तो उलटाच धरला, मग नीट घडी घालून परत दिला आणि बायकोला हळूच विचारले, “ही कोण गो?”