पहिला दुधी

गल्लीत सगळे तिला सालपटकाकू म्हणत, आणि तिला त्याचा जराही राग नव्हता. घराघरांतून भाज्यांची सालं गोळा करून ती परसात खत करी. वेलाला मांडव मोडक्या खाटेच्या पट्ट्यांचा, पानांवर माव्याची कीड पडली की चुलीतली राख, शिंपायला तांदूळ धुतलेलं पाणी. बी विकत घेणं म्हणजे तिच्या लेखी निव्वळ उधळपट्टी. बावीस वर्षं ती घरचंच बी लावत होती आणि "माझ्या भाजीला नाव ठेवून दाखवा," असं छातीठोकपणे सांगत होती.

वेलावरचा पहिला दुधी दरवर्षी धाकट्या दिराचा. ती लग्न होऊन आली तेव्हा हा चौथीत होता. त्याचा अभ्यास तिनेच घेतला, धपाटेही तिनेच घातले. आता साठीला टेकलेला, रक्तदाबाच्या गोळ्या खाणारा हा गृहस्थ रोज सकाळी दुधीचा रस पीत असे. त्या दिवशी तो फिरून परतताना दुधी घेऊन गेला. अर्ध्या तासाने तिने त्याच वेलावरचा दुसरा दुधी भाजीसाठी चिरायला घेतला.

चिरताना एक काप तोंडात टाकायची तिची जुनी सवय. टाकला आणि जीभच आखडली. कडू जहर! थुंकून तीनदा चूळ भरली तरी तोंड कडूच. कडू दुधी पोटात गेला तर माणूस जिवानिशी जाऊ शकतो, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

चूक कुणाची, हेही लगेच कळलं. गेल्या वर्षी खताच्या ढिगात कडू भोपळ्याचा वेल आपोआप उगवला होता. उपटायला हवा होता. पण त्याची फळं वाळवून आत बी साठवता येईल, डबे वाचतील, म्हणून बाईसाहेबांनी तो वाढवला, आणि तोही दुधीच्या शेजारी! मधमाश्यांना काय, या फुलावरून त्या फुलावर. दुधीचं बी तिथेच बिघडलं, आणि यंदा तिने तेच लावलं. फुकट ते पौष्टिक म्हणे.

तिने फोन लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला. मिक्सर चालू असेल. एका पायात स्वतःची आणि दुसऱ्यात नवऱ्याची चप्पल अडकवून ती निघाली. दोनच गल्ल्या, पण संपता संपेनात. कुरकुरणाऱ्या गुडघ्याला तिने मनातल्या मनात शिव्या घातल्या. इतकं कडू कोण पिईल, असं ती स्वतःला समजावत होती. पण हा पठ्ठ्या नाक दाबून एका दमात पेला रिकामा करतो, हेही तिने पाहिलं होतं.

दार जावेने उघडलं.

"ताई, बरं झालं आलात. यांना उलट्या होतायत."

"रस प्यायला?"

"पेलाभर."

"रिक्षा बोलव. आणि उरलेला दुधी पिशवीत घे, डॉक्टरांना दाखवायला."

दवाखान्यात पोचेपर्यंत उलटीत रक्त दिसू लागलं. डॉक्टर म्हणाले, "लवकर आणलंत, पण आजचा दिवस काढू द्या." ती दिवसभर बाकड्यावर बसून राहिली. दार करकरलं की उभी राहायची, परत बसायची. दुपारी जावेने आपल्या डब्यातली अर्धी पोळी तिच्या हातावर ठेवली, आणि तेच तिला सोसवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत सोडलं. दिराचा चेहरा पांढराफटक, पण डोळे उघडे होते.

"कडू लागलं नाही का रे?"

"लागलं की. पहिल्याच घोटाला."

"मग थुंकला का नाहीस?"

"तुझ्या बागेतला होता ना, वहिनी. म्हटलं, तू वाईट कशाला देशील?"

ज्या विश्वासाचा बावीस वर्षं तोरा मिरवला, त्याचीच तिला आता भीती वाटली. तिने त्याचं मनगट घट्ट धरलं, आणि नर्स बघत असताना ती रडत रडत त्याच्यावर ओरडली, "कडू लागलं की थुंकायचं! माझ्या तोंडावर थुंकलास तरी चालेल, पण मी दिलं म्हणून गिळायचं नाही!"