रविवारची तुती

बोडिलच्या अळ्यांची थट्टा करायला सॅनपीटच्या खोऱ्यात कोणाला निमित्त लागत नसे. डेन्मार्कहून आलेली ही ठेंगणी, बडबडी बाई म्हणजे ओरिन थर्लोची धाकटी बायको. बायकांनी रेशीम काढावं, असा सॉल्ट लेकच्या धर्मपीठाकडून निरोप आला. हिने लगेच रेशीमकिड्यांची अंडी मागवली आणि पुढची अख्खी खोली अळ्यांना देऊन टाकली.

थोरली सवत तामार फणफणली, "नवरा गेलाय धर्मप्रचाराला, अन् ही घरात किडे पाळतेय! उद्या माझ्या पलंगावर झोपवशील त्यांना."

"नाही गं. तू घोरतेस, त्यांची झोपमोड होईल."

जूनमध्ये अळ्या चांगल्या बोटाएवढ्या झाल्या. आता कोष विणणार, तोच शनिवारी गारांनी झोडपलं. अंगणातल्या तुतीवर एक पान राहिलं नाही. सकाळी रिकाम्या फळ्यांवर अळ्या माना उंचावून चारा शोधत होत्या. बोडिलला बघवेना. ओढ्यापलीकडच्या वस्तीत गारा पडल्या नव्हत्या, तिथे तुती शाबूत होती. पण रविवार म्हणजे शब्बाथ, देवाचा विश्रांतीचा दिवस; गाडी कोण जुंपणार?

प्रार्थनासभेत ती ताडकन उठली. सगळ्यांना वाटलं, आता ही देवाची कृपा सांगणार.

"माझ्या अळ्या उपाशी मरतायत!" ती एका दमात म्हणाली. "बिशप, आज पानं नाही आणली तर सगळं संपलं."

हशा पिकला. बिशप रास्क दाढी खाजवू लागले. "विहिरीत पडलेला बैल शब्बाथलाही काढावा, असं शास्त्रात आहे खरं. पण सिस्टर, अळी म्हणजे बैल का?"

मागून खणखणीत आवाज आला. तामारचा! "खाण्यात तर बैलच आहेत, बिशप! मी रोज बघतेय ना!"

बिशपनाही हसू आवरेना. "मग जुंपा गाड्या!"

आणि काय ती धांदल! ठेवणीतल्या कपड्यांतच माणसं गाड्यांत चढली. कोणी डॅनिश भजन धरलं, कोणी इंग्रजी. सूर जुळेना, पण थांबेनाही कोणी. तामार चक्क झाडावर चढली, नवा घागरा टर्रकन फाटला, तरी ती वरून ओरडतच होती, "एप्रन धर बोडिल, नीट धर!"

दुपारी पानं फळ्यांवर पसरली आणि खोलीभर कुरतडण्याचा आवाज सुरू झाला. काही अळ्या गेल्याच होत्या. उरलेल्यांनी आठवडाभरात पिवळे-पांढरे कोष विणले.

ते उकळत्या पाण्यात सोडले तेव्हा बघायला शेजारणींनी दारात गर्दी केली होती. बोडिलने धाग्याचं टोक पकडलं, तामारने रहाट फिरवला. धागा निघाला, निघतच राहिला. बोडिल आनंदाने डॅनिशमध्ये काहीबाही ओरडत होती. निम्म्या बायकांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण टाळ्या सगळ्याच पिटत होत्या.